ज्याच्या हाती ससा

शंभर सोफे विकले गेले.

गूगलचा अहवाल सांगतो, त्यातले साठ आमच्या जाहिरातीमुळे. मेटाचा सांगतो, पंचावन्न आमच्यामुळे. व्हॉट्सॲपवर ऑफरचे मेसेज पाठवणारी कंपनी तिसांवर हक्क सांगते. बेरीज एकशे पंचेचाळीस. गोदामातून टेम्पोत चढले ते शंभरच.

आकडे समजुतीसाठी घेतलेत. पण महिनाअखेरीला हे अहवाल ज्याने शेजारी शेजारी मांडले, त्याला ही बेरीज ओळखीची वाटेल. कारण साधं आहे. प्रत्येक कंपनीला फक्त आपला रस्ता दिसतो. गिऱ्हाइकाने आठवडाभरात आपल्या रस्त्यावर पाऊल ठेवलं होतं ना? मग सोफा आपला. तोच सोफा शेजारच्यानेही आपल्या वहीत मांडलाय, हे पाहायची सोय नाही. इच्छाही नाही.

वरचे पंचेचाळीस सोफे कोणाच्या घरी पोचले?

या धंद्यात याला ‘ॲट्रिब्युशन’ म्हणतात. म्हणजे श्रेयवाटप. मराठी माणसाला श्रेयवाद समजावून सांगावा लागत नाही. उड्डाणपूल एक, फलक चार पक्षांचे आणि प्रत्येक फलकावर ‘यांच्या प्रयत्नांतून’. तो फलक वाचून आपण पुढे जातो. जाहिरातीच्या अहवालातला फलक वाचून मालक पुढच्या महिन्याचा चेक फाडतो.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी पद्धत ‘लास्ट क्लिक’. खरेदीच्या आधी शेवटचं बोट जिथे पडलं, त्याला सगळं श्रेय. आता एका सोफ्याचा प्रवास बघा. बाईंनी पाडव्याला वर्तमानपत्रात पानभर जाहिरात पाहिली. पुढे नणंदेच्या घरी तोच सोफा दिसला, त्यावर बसून झालं. मग दुकानात जाऊन कापड चाचपलं. विक्रेत्याने अर्धा तास फोममधला फरक समजावला. घरी येऊन बाईंनी फोनवर दुकानाचं नाव टाइप केलं आणि पहिली जी ओळ दिसली तिच्यावर बोट ठेवलं. त्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलंही नाही.

श्रेय? गूगल, शंभर टक्के. वर्तमानपत्र शून्य. नणंद शून्य. अर्धा तास घसा कोरडा करणारा विक्रेता, तोही शून्य.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. ही आपल्याकडे अन्यायाची म्हण आहे. जाहिरातधंद्याने तिचा हिशेबाचा नियम केला.

मंगल कार्यालयाच्या दारात अत्तर लावायला एक मुलगा उभा असतो. आत गेलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मनगटाला त्याचा हात लागलेला असतो. शेवटचा स्पर्श त्याचाच. म्हणून पाचशे पाहुणे त्याने आणले का? पत्रिका घेऊन उन्हातान्हात कोण फिरलं, रुसलेल्या मावशीला तीनदा फोन कोणी केला, हे त्या दारात दिसत नाही. उद्या कोणी हिशेब मांडून ठरवलं की पत्रिका बंद आणि अत्तराची बाटली दुप्पट, तर पुढच्या लग्नात अत्तर भरपूर उरेल.

कल्पना म्हणून सोडून देऊ नका. अत्तरवाल्याला दारातून हटवून पाहिलं गेलंय.

२०१२ च्या मार्चमध्ये ईबे या ऑनलाइन बाजाराने याहू आणि एमएसएनच्या सर्चवर आपल्याच नावाच्या जाहिराती बंद केल्या. ‘ईबे’ असा शब्द टाइप करणाऱ्याला ईबेचीच जाहिरात दाखवायची, त्याने बोट ठेवलं की सर्च कंपनीला पैसे मोजायचे, हा प्रकार थांबवला. तुलना करता यावी म्हणून गूगलवर चालू ठेवला. जाहिरातीवरून येणारी वर्दळ अर्थातच थांबली. आणि त्यातली ९९.५ टक्के वर्दळ खालच्या फुकटच्या ओळीवरून त्याच दुकानात आली.

ज्याला ईबेत जायचं होतं, तो ईबेतच निघाला होता. वाटेत नुसता टोलनाका उभा होता.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. हे आपल्या आज्या जात्यावर बसून सांगायच्या. कोंबडं झाकून पाहायचं धाडस मात्र कंपन्यांना होत नव्हतं, कारण दर महिन्याच्या अहवालात सूर्य कोंबड्याच्या नावावर जमा होत होता.

पुढचा प्रयोग आणखी मोठा. नाव सोडून द्या, वस्तूंचे साधे शब्द घ्या. अमेरिकेच्या साधारण तीस टक्के भागांत ईबेने गूगलवरच्या अशा शब्दांच्या जाहिराती साठ दिवस बंद ठेवल्या. बाकी देशात चालू. विक्रीत पडलेला फरक एका टक्क्याहून कमी, इतका बारीक की तो शून्यापासून वेगळा काढता येईना. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्ह टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला. त्यांच्या अंदाजाने या जाहिरातींवर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे ६३ सेंट बुडत होते. त्याच जाहिराती नेहमीच्या पद्धतीने मोजल्या की भरघोस नफा दाखवत होत्या.

एवढी तफावत कशी?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ज्याला गिटार घ्यायची आहे तोच ‘गिटार’ शोधतो. तो शोधतो म्हणून त्याला जाहिरात दिसते. तो घेणारच असतो म्हणून घेतो. अहवालात मात्र ओळ अशी पडते: जाहिरात दिसली, मग गिटार घेतली. फांदी आधीच कुजलेली होती, हे कावळा सांगणार नाही. त्याचं बिल फांदीवर निघतं.

याच अभ्यासातला दुसरा भाग लोक वाचतच नाहीत आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. जे ईबेला नवे होते, किंवा जे वर्षातून एखाददुसरीच खरेदी करायचे, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसला. म्हणजे जाहिरात चालते. अनोळखी माणसाला ती काहीतरी सांगते. ज्याला सगळं आधीच माहीत आहे त्याच्यावर ती वाया जाते. आणि क्लिक कोण जास्त करतं? ज्याला सगळं आधीच माहीत आहे, तो. म्हणून पैसा जिथे वाया जातो नेमका तिथेच डॅशबोर्ड सगळ्यात हिरवा दिसतो.

हिरवा रंग बघून बजेट वाढतं. तिकडेच.

जाहिरातीवरचा निम्मा पैसा वाया जातो, कोणता निम्मा एवढंच कळत नाही, असं एक जुनं वाक्य या धंद्यात जो तो ऐकवतो. अमेरिकेत ते फिलाडेल्फियाच्या जॉन वॅनामेकर या व्यापाऱ्याच्या नावावर आहे, इंग्लंडमध्ये साबणवाल्या लीव्हरच्या. त्या काळी निदान आपल्याला कळत नाही, हे माहीत होतं. आता दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत कळतं, आणि चुकीचं कळतं.

लास्ट क्लिकवर टीका झाली, तेव्हा उद्योगाने दुसरी सूत्रं काढली. कोणी म्हणालं, पहिल्या क्लिकला सगळं द्या. कोणी म्हणालं, सगळ्यांना सारखं वाटा. कोणी म्हणालं, खरेदीच्या जितकं जवळ तितका वाटा मोठा. एक सूत्र तर पहिल्याला चाळीस, शेवटच्याला चाळीस आणि मधल्या सगळ्यांना मिळून वीस टक्के देत होतं. चाळीसच का? पस्तीस का नाही? याला उत्तर नव्हतं, कारण तो आकडा कोणी मोजला नव्हता. बसून ठरवला होता. त्यावर लोकांनी बजेटं वाटली, माणसांना बढत्या दिल्या, एजन्स्या काढल्या आणि ठेवल्या.

२०२३ मध्ये गूगलने ही चारही सूत्रं आपल्या जाहिरात-व्यवस्थेतून काढून टाकली. त्या सूत्रांवर वाटलेले पैसे मात्र कोणी परत मागितले नाहीत.

आता राज्य ‘डेटा-ड्रिव्हन’चं आहे. या नावाखालच्या बऱ्याच पद्धती लॉइड शॅप्लीच्या गणितापाशी जाऊन पोचतात. शॅप्लीने १९५३ मध्ये एक सुंदर प्रश्न सोडवला होता: चार जणांनी मिळून कमावलं, तर प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती? त्याला २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गणित चोख आहे. त्याला घातलेला घास चोख नाही. यंत्राला फक्त पडद्यावरचे स्पर्श दिसतात. विक्रेत्याचा अर्धा तास त्यात नाही. नणंदेचा दिवाणखाना त्यात नाही. आणि शंभरातले किती सोफे जाहिरातीशिवायही गेले असते, हा प्रश्न वाटप करणाऱ्याला कोणी विचारतच नाही. तो शंभरच्या शंभर वाटून मोकळा होतो.

वाटणी नीट झाली म्हणून मिळकत आपली ठरते का?

शिवाय पेपर लिहिणाराच पेपर तपासतो. जाहिरातीची जागा विकणारी कंपनीच सांगते की जागा किती फळली. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात, हा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला गेला. तीन सेकंदांच्या आत पळून गेलेली माणसं सरासरीतून वगळलेली होती. आकडा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत फुगला असावा, असं जाहिरातदारांना सांगण्यात आलं. नापास मुलं पटावरून काढली की शाळेचा निकाल चांगला लागतो. हे गणित महाराष्ट्रातल्या पालकांना नवीन नाही.

क्लिक तरी बोटाने करावा लागतो. ‘व्ह्यू-थ्रू’ला तेवढंही लागत नाही. जाहिरात पडद्यावर आली, तुम्ही अंगठ्याने वर ढकलली, चोवीस तासांत त्या दुकानातून काही घेतलं, की श्रेय जाहिरातीचं. मेटाची ठरलेली मुदत आज क्लिकनंतर सात दिवस आणि नुसतं दिसल्यावर एक दिवस अशी आहे. दिवसभर फोन हातात असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून त्या एका दिवसात काय काय सरकत नाही?

आणि जिथे श्रेयाला पैसे जोडले जातात, तिथे श्रेयाची चोरी होणारच.

उबरचं प्रकरण डोळे उघडणारं आहे. ॲप डाउनलोड झालं की शेवटच्या क्लिकच्या मालकाला पैसे, असा सौदा. चोरांनी काय केलं? हजारो फोनच्या नावाने न केलेले क्लिक पाठवत राहिले. त्यातल्या एखाद्याने पावसात अडकल्यावर आपणहून उबर डाउनलोड केलं, की शेवटचा क्लिक चोराच्या नावावर तयारच. माणूस स्वतःच्या पायाने आला आणि दलाली तिसऱ्यालाच गेली. २०१७ मध्ये उबरने फेच या एजन्सीवर दावा लावला. उबरचे त्या वेळचे जाहिरातप्रमुख केविन फ्रिश यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की पंधरा कोटी डॉलरच्या खर्चातले दहा कोटी थांबवले आणि डाउनलोडच्या एकूण आकड्यात फरक पडला नाही. पूर्वी ‘जाहिरातीमुळे’च्या रकान्यात पडणारी माणसं ‘आपणहून’च्या रकान्यात दिसू लागली.

माणसं तीच. रकाना बदलला.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘हनी’ या कूपन शोधून देणाऱ्या साधनावर असाच आरोप झाला. पेपालने सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून घेतलेलं हे साधन. एखाद्या यूट्यूबरने वस्तू दाखवावी, समजावावी, बघणाऱ्याने त्याच्या लिंकवरून दुकानात जावं, पैसे भरायच्या क्षणी हनीची खिडकी उघडावी आणि शेवटचा क्लिक तिचा होऊन कमिशन यूट्यूबरच्या हातून निसटावं, असा तो आरोप. कोर्टकचेऱ्या त्यातून सुरू झाल्या. निकाल काय लागायचा तो लागेल. पण वारुळ मुंग्यांनी बांधायचं आणि नागोबाने राहायला यायचं, ही वाट लास्ट क्लिकच्या नियमानेच मोकळी ठेवली आहे.

फ्लॅटच्या बाजारातही हेच. पुण्यात कुठल्याही साइट ऑफिसमध्ये गेलात की आधी एक फॉर्म हातात येतो. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ होर्डिंग, पेपर, ऑनलाइन, मित्र, चॅनल पार्टनर. माणूस कडेवरचं पोर सांभाळत पहिल्या चौकटीत टिक मारतो. त्या टिकांवर पुढच्या वर्षीचे होर्डिंगचे पैसे ठरतात. तुमचा नंबर एखाद्या एजंटाने आधी नोंदवून ठेवला असेल, तर ठरल्या मुदतीत दलाली त्याची. मग ती इमारत तुम्ही रोज ऑफिसला जाताना चार वर्षं निरखत असा.

एवढं जीव तोडून सांगायचं कारण, नुकसान कागदावर थांबत नाही.

श्रेय ज्याला मिळतं त्याला पुढचा पैसा मिळतो. ज्याला मिळत नाही त्याचं बजेट कापलं जातं, मग त्याची माणसं कापली जातात. ॲडिडासने २०१९ मध्ये स्वतःहून हे मांडलं. त्यांच्या सायमन पील यांनी लंडनच्या व्यासपीठावर सांगितलं, की कंपनी ७७ टक्के पैसा झटपट विक्रीच्या जाहिरातींवर आणि २३ टक्के नाव रुजवण्यावर घालत होती, कारण लास्ट क्लिक तसं सांगत होता. नीट अभ्यास केल्यावर ६५ टक्के विक्रीमागे नाव रुजवण्याचं काम निघालं. लॅटिन अमेरिकेत गूगलवरच्या जाहिराती मध्येच बिघाड होऊन बंद पडल्या होत्या, तेव्हा त्या वाटेने होणारी विक्री घसरली नव्हती. बिघाडाने शिकवलं ते अहवालांनी कधी शिकवलं नव्हतं.

ॲडिडासला हे पचवता येतं. सांगलीतल्या फर्निचरवाल्याचं काय? त्याचा नफा सोफ्यामागे मोजका. त्यातून तो एजन्सीचं महिन्याचं बिल भरतो, वर गूगलला भरतो, वर मेटाला भरतो. तिघेही त्याला सांगतात की धंदा आमच्यावर चाललाय. मग पैसे कमी पडले की तो कोणाला काढतो? दुकानात उभ्या असलेल्या त्या विक्रेत्याला. कारण त्याच्या नावापुढे अहवालात काहीच नाही.

याचा मला राग येतो. येऊ नये का?

आकडेशास्त्राने हे दुरुस्त होईल, असं सांगणारे भेटतील. ब्रेट गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये फेसबुकवरच्या १५ जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास छापला. एका बाजूला खरा प्रयोग, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसं दोन गटांत वाटायची, एका गटाला जाहिरात दाखवायची, दुसऱ्याला नाही. दुसऱ्या बाजूला आधीच जमलेल्या आकड्यांवर उत्तमातली उत्तम दुरुस्ती. दुरुस्ती केलेले आकडे खऱ्या प्रयोगाशी बऱ्याचदा जुळले नाहीत. चुकले तेव्हा बहुतेक वेळा जाहिरातीच्या बाजूने चुकले.

खरा प्रयोगही सोपा नाही, हे सांगायलाच हवं. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी २५ मोठे प्रयोग तपासून २०१५ मध्ये दाखवलं, की विक्री मुळातच इतकी वरखाली होत असते की जाहिरातीचा छोटा परिणाम त्यात हरवून जातो. लाखो माणसांवर प्रयोग करूनही उत्तर धूसर येऊ शकतं. मग महिन्याला दोनशे ऑर्डरींवर दशांशासकट परतावा सांगणाऱ्याच्या हातात कुठली दुर्बीण आहे?

तरीही सांगलीवाल्याला करता येण्यासारखं आहे. त्याची नाशिकमध्ये शाखा आहे, कोल्हापुरात आहे, असं धरा. नाशिकमधल्या जाहिराती सहा आठवडे पूर्ण बंद. कोल्हापुरात जशाच्या तशा चालू. दोन्हीकडची गेल्या वर्षीची याच आठवड्यांची विक्री आधी काढून ठेवायची. दसरा-दिवाळी, लग्नसराई टाळायची. मध्येच नाशिकला सेल लावायचा नाही. धाकटा भाऊ म्हणाला तरी नाही.

एजन्सीचा मुलगा म्हणेल, सर, बंद केलं तर अल्गोरिदमचं लर्निंग बिघडेल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पुन्हा सुरू करताना थोडे दिवस जड जातात. त्याला विचारा, बंद केल्यावर विक्री किती पडेल? आकडा लिहून दे. त्याच्या अहवालाप्रमाणे नाशिकचे साठ टक्के सोफे गूगलमुळे जातात ना? मग साठ टक्के पडले पाहिजेत. कागदावर लिहून घ्या, तारीख घाला.

पडले तर खुशाल दुप्पट पैसे द्या. वीस टक्के पडले तर तेवढ्यापुरते द्या, ते त्याच्या कष्टाचे आहेत. काहीच हललं नाही, तर पुढच्या महिन्याचा चेक खिशातच राहू द्या.

सहा आठवड्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवा. नाशिकच्या गल्ल्याची वही मागवा आणि त्या विक्रेत्याला शेजारी बसवून वाचा.